"नवा पत्ता कळवतो" : तोब्रुकला कैद झालेले आमचे आजोबा

खारेगावकर

आमची आत्या ८४ वर्षांची आहे. खारेगावला आमच्याकडेच असते. गेल्या पितृपक्षात तिने मला जवळ बसवून विचारलं, "माझ्या बापाचं पान कोणत्या दिवशी वाढायचं रे?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून जमेल तिथे विचारतोय, म्हणून हा धागा. लांब होईल, सांभाळून घ्या.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. पलटण २/५, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण. गाव माणगाव तालुक्यातलं, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. सुटी संपवून ते शेवटचे गेले तेव्हा माझे वडील रांगत होते आणि आत्या पोटात होती. तिने बापाला पाहिलेलं नाही. फोटोही नाही.

२० जून १९४२ ला सकाळी लिबियाच्या किनाऱ्यावर तोब्रुकवर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले आणि मागोमाग रणगाडे आत घुसले. ते घुसले आग्नेयेकडून, आणि ती बाजू धरून होती २/५ मराठा. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. दक्षिण आफ्रिकेची, इंग्रज आणि आपली.

गावात आधी सरकारी तार आली, बेपत्ता म्हणून. मग काही महिन्यांनी एक कार्ड आलं. ते आमच्याकडे अजून आहे. मजकूर इंग्रजीत छापलेला, कैद्याने फक्त सही करायची आणि पत्ता घालायचा. अर्थ साधारण असा: मी ठीक आहे. इटालियनांच्या कैदेत आहे, वागणूक चांगली मिळते. लवकरच मला कैद्यांच्या छावणीत हलवतील, तेव्हा नवा पत्ता कळवतो. त्यानंतरच तुमची पत्रं मला मिळतील. खाली आजोबांची सही, बाळबोध अक्षरात, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली घसरलेलं.

शाळेच्या मास्तरांनी ते आजीला वाचून दाखवलं. आजीला वाचता येत नव्हतं, पण "नवा पत्ता कळवतो" एवढं तिने धरून ठेवलं ते कायमचं. तो पत्ता आला नाही.

लढाई संपल्यावर पेन्शन सुरू झाली. आजी अंगठा उठवायची आणि म्हणायची, हा त्यांचा पगार आहे. बारा वर्षं झाली तेव्हा थोरल्या चुलत्यांनी पालाशविधीचा विषय काढला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, परागंदा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आजीने दारातून भटजींना परत पाठवलं. वडिलांना वागळे इस्टेटमध्ये काम लागलं आणि आम्ही किसननगरला चाळीत आलो, तेव्हा निघताना तिने गावच्या पोस्टात ठाण्याचा पत्ता लिहून ठेवायला लावला. पुढे चाळ सोडून कळव्याला आलो, तेव्हा पुन्हा गावाला जाऊन तो बदलून आली. तो पोस्टमन केव्हाच निवृत्त झाला होता. नव्या माणसाने वही कुठे आहे विचारल्यावर ती म्हणाली, नवी वही घाल. आमच्या दारावरच्या पाटीवर आजही आजोबांचं नाव आहे. वडिलांचं नाही, माझंही नाही.

आजी १९९१ ला गेली. तिला न्यायच्या वेळी बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, हिला हिरवं नेसवायचं की पांढरं. आत्या पुढे झाली. "माझी आई सवाष्ण आहे." हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. तेव्हापासून आजीचं पान आम्ही अविधवा नवमीला वाढतो.

आता माझी अडचण लक्षात आली असेल. आजोबांचं पान वाढलं की ते गेले असं घराने मान्य केलं. मग आजीची अविधवा नवमी कशी राहील? आत्याला दोन्ही हवं आहे. बापाच्या नावाने कधी एक घासही काढला नाही ही तिची खंत आहे, आणि आईला खोटं पाडायचं नाही हा तिचा हट्ट आहे. मला वाटतं नक्की काय झालं ते कळलं तर तिला ठरवता येईल.

पारसिकचा वारा

वाचून थांबलो थोडा वेळ. कार्डाच्या मागे शिक्का आहे का? छावणीचा नंबर? इटलीतल्या छावण्यांना नंबर असायचे, हिंदी कैद्यांची आवेझ्झानोची छावणी ९१ नंबरची होती. तसं काही दिसलं तर शोध खूप सोपा होईल.

खारेगावकर

नंबर नाही. दोन गोल शिक्के आहेत, एक इटालियन पोस्टाचा, एक सेन्सॉरचा. तारीख पुसट आहे. वर्ष ४२ आहे एवढं वाचता येतं. शिपाई क्रमांक आजोबांनी स्वतः लिहिलाय, त्यातला शेवटचा आकडा ३ की ८ ते कळत नाही.

माणगावकर

मूळचा माणगावचा, आता कामोठ्याला. आमच्या तालुक्यातले नायक यशवंत घाडगे याच रेजिमेंटचे, ३/५ मराठा. १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, येता-जाता हात जोडतो. त्यांचंही थडगं नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

घाडग्यांच्या दोन वर्षं आधी तुमचे आजोबा त्याच शत्रूच्या हाती पडले. आमच्या तालुक्यातून त्या लढाईत किती पोरं गेली. पुतळ्यापुढे उभं राहून बाकीच्यांची आठवण मी आजवर कधी काढली नाही, हे तुमचं लिहिणं वाचून जाणवलं.

रणशिंग

एक विचारतो, राग मानू नका. ते नेताजींच्या फौजेत गेले नसतील का? आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी कैद्यांमधूनच जर्मनीत नेताजींनी पलटण उभी केली होती. तशी माणसं नंतर घरी परतायला कचरली असं ऐकलंय. नाहीतर शरण गेलेल्या पलटणीबद्दल तसंही कोणी फार बोलत नाही.

निवृत्त सुभेदार

ऐरोलीला राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीतच सव्वीस वर्षं काढली आहेत, तेव्हा वरच्या शेवटच्या वाक्यावर आधी बोलतो.

तोब्रुकला शरणागतीचा हुकूम किल्ल्याच्या सेनापतीने दिला. तो दक्षिण आफ्रिकेचा जनरल होता. शिपायाला कोणी विचारत नाही. आणि २/५ च्या वाट्याला आलेला मोर्चा एका पलटणीला न पेलणाऱ्या लांबीचा होता, खंदक वाळूने बुजलेले होते, सुरुंग आधीच काढून दुसरीकडे नेले होते. त्यावर आधी विमानं आणि मग रणगाडे. अशा जागी उभा राहिलेल्या माणसाबद्दल "शरण गेला" हा शब्द वापरताना जरा थांबावं, एवढंच म्हणतो.

आता नेताजींच्या पलटणीबद्दल. ती साधारण तीन हजारांची होती. जो जर्मनीपर्यंत गेला तो आधी इटलीच्या छावणीत नोंदला गेलेला असणार आणि तिथून घरी एखादं तरी पत्र आलं असतं. अशक्य म्हणत नाही. पण पुरावा तिकडे बोट दाखवत नाही.

खारेगावकर, तुमच्यासाठी कामाचं. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची) नोंदसूची संगणकावर कोणालाही पाहता येते. लढाईत किंवा कैदेत मेलेला आणि थडगं नसलेला प्रत्येक जण तिथे कुठल्या तरी स्मारकावर असतो. उत्तर आफ्रिकेतल्यांसाठी ते स्मारक अलामेनचं. हिंदी शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव आणि तालुकासुद्धा असतो. मात्र शोधताना आजचं स्पेलिंग विसरा. मराठा हे 'एच' घालून लिहिलेलं असेल, जिल्हा कुलाबा असेल, आडनावाची अक्षरं साहेबाच्या कानाला जशी आली तशी असतील. आडनाव सोडून गावाच्या नावाने शोधा. रेकॉर्डसाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहा, सोबत कार्डाची झेरॉक्स जोडा. जिनिव्हाला रेड क्रॉसकडेही कैद्यांच्या याद्या आहेत, पण तिथे अर्ज वर्षभर घेत नाहीत, ठरावीक काळातच घेतात. लक्ष ठेवून राहा.

रणशिंग

सुभेदारसाहेब, चूक मान्य. खारेगावकर, माफ करा.

खारेगावकर

माफी कशाला. गावात लोक याहून वाईट बोलले आहेत. 'त्याने तिकडे गोरी केली' असंही आजीला ऐकवलंय. ती म्हणायची, केली असली तर असू दे, जिवंत तर आहेत.

एका कचेरीत मात्र मला वाईट अनुभव आला. कार्ड पाहून समोरच्या माणसाने विचारलं, "ऐंशी वर्षांनी आता कशाला?" कचेरीचं नाव लिहीत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर आत्याने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, साहेब रजेवर होते.

चिंचेचं पान

मी वाशीला असते, युद्धकाळातल्या जहाजांबद्दल बरीच वर्षं वाचते आहे. दोन दिवस विचार केला लिहू की नको. लिहिते.

तुमच्याकडचं कार्ड म्हणजे पकडल्यावर लगेच भरून घेतलेलं कार्ड आहे. १९२९ च्या जिनिव्हा कराराने कैद्याला घरी खुशाली कळवू देणं बंधनकारक होतं. ही कार्डं आफ्रिकेतल्याच तात्पुरत्या तळांवर, बेंगाझीकडे किंवा त्रिपोलीकडे, भरून घेत. म्हणजे आजोबांनी सही केली तेव्हा ते लिबियातच होते. इटलीत पोचल्यावर दुसरं कार्ड आलं असतं, नव्या पत्त्याचं. ते आलं नाही. जे झालं ते बहुधा समुद्र ओलांडायच्या आधी किंवा ओलांडताना.

लिबियातल्या तळांवर हाल होते. पाणी कमी, आमांश, उघड्यावर झोपणं. हिंदी कैद्यांना बरेच महिने तिथेच कामाला ठेवलं जाई. ही एक शक्यता झाली.

दुसरी जहाजांची. कैद्यांना मालवाहू बोटींच्या तळघरात कोंबून इटलीला नेत. बोटीवर कैदी आहेत अशी खूण नसे. त्यामुळे दोस्तांच्याच पाणबुड्या त्यांच्यावर टॉर्पेडो सोडत. १७ ऑगस्ट १९४२ ला बेंगाझीहून निघालेल्या 'निनो बिक्सिओ'वर असाच हल्ला झाला. बोट बुडाली नाही, ओढून ग्रीसला नेली, पण तळघरातले तीनशेच्या वर गेले. आणि १३ ऑक्टोबर १९४२ ला सिसिलीजवळ, पालेर्मोच्या अलीकडे कापो गालोपाशी 'लोरेतो' नावाची बोट 'अनरफल्ड' या इंग्रज पाणबुडीने बुडवली. ती त्रिपोलीहून येत होती आणि तिच्यावर शेकडो हिंदी कैदी होते. शंभराहून जास्त बुडाले. किनारा दिसत होता.

तुमचे आजोबा तिच्यावर होते असं मी म्हणत नाही. पण सुभेदारांनी सांगितलेल्या सूचीत नाव सापडलं तर मृत्यूची तारीख पाहा. १३ ऑक्टोबर असेल तर समजा.

खारेगावकर

वाचलं. आज आत्याला काही सांगितलं नाही. उद्या बघतो.

नेरुळ पश्चिम

तुमच्या आजीची गोष्ट वाचताना ७१ च्या युद्धातल्या घरांची आठवण झाली. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडलं. तिकडच्या वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्याशी जुळणारं नाव छापून आलं. आपल्याकडे त्यांचे ९३ हजार कैदी होते, ते आपण परत केले. तांबे आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक तिकडचे तुरुंग पाहायला गेले. तरी कोणी सापडलं नाही.

७१ ला मी शाळेत होतो. आमच्या शेजारच्या काकू रेडिओवर कैद्यांची नावं लागली की हातातलं काम टाकून धावत यायच्या. त्यांचं कोणी सैन्यात नव्हतं. पण धावत यायच्या.

सावित्रीचा काठ

आमच्या गावच्या देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत कोरलंय, या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही, नुसते आकडे. अशा पाट्या कोकणात आणि साताऱ्याकडे गावोगाव आहेत. माझे खापरपणजोबा ११० नंबरच्या मराठा पलटणीत होते. ती पलटण इराकात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून वेढा, शेवटी घोडी खाल्ली, आणि २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. तिथून वाळवंटातून पायी. किती तरी वाटेतच पडले.

बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांची नावं आणि आपल्या सुभेदार-जमादारांची नावं कोरली, शिपायांचे मात्र पलटणवार फक्त आकडे. गावच्या पाटीवर आकडा, बसऱ्यालाही आकडा. म्हणून खारेगावकर, तुमच्या दारावरची पाटी नव्या इमारतीत जाल तेव्हाही तशीच लावा. हात जोडून सांगतो.

दर्भशलाका

मी ठाण्यात पौरोहित्य करतो. मूळ प्रश्न श्राद्धाचा होता, त्याबद्दल लिहितो.

१. पालाशविधी आता आवश्यक आहे असं मी म्हणणार नाही. आजींनी तो नाकारला, तो त्यांचा अधिकार होता.

२. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी नाव घेऊन पान वाढावं. कोणत्याही शोधाची वाट पाहायची गरज नाही.

३. काही जण चतुर्दशी सुचवतील. पंचांगात त्या दिवशी शस्त्रादिहत पितृश्राद्ध लिहिलेलं असतं, युद्धात किंवा अपघातात गेलेल्यांसाठी. बोटीचं नक्की कळलं तर ती तिथी योग्य होईल.

४. अविधवा नवमी पतीच्या मृत्यूनंतर बंद करणारी घराणी आहेत, तशी पुढेही चालू ठेवणारीही आहेत. आजी गेल्या तेव्हा त्या सवाष्ण म्हणूनच गेल्या. मळवट भरून गेलेल्या बाईचा मळवट मागून कोणी पुसत नाही. आत्याबाईंना सांगा, दोन्ही पानं वाढा. मला बोलावलंत तर येईन. दक्षिणा घेणार नाही.

खारेगावकर

चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार मानायला शब्द जुळवत बसलो होतो, जुळले नाहीत.

काल रात्री जेवणं झाल्यावर आत्याला सगळं सांगितलं. सुभेदारसाहेबांचं, वाळूने बुजलेल्या खंदकांचं, मग बोटीचं. मला वाटलं होतं ती रडेल. तिने विचारलं, पाणी गार असेल का ऑक्टोबरात? मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाली, त्यांना पोहता येत होतं, आई सांगायची, पावसाळ्यात काळ नदी उतरून सासरवाडीला यायचे. बराच वेळ गप्प बसली. मग बोटीचं नाव पुन्हा विचारलं. दोनदा म्हणून बघितलं. लोरेतो, लोरेतो.

दर्भशलाका, तुमचा चौथा मुद्दा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या भटजींना बोलवायचं." दोन्ही पानं वाढायची ठरलं. आजीचं नवमीला, आजोबांचं सर्वपित्रीला. चतुर्दशीचं तिने ऐकून घेतलं पण म्हणाली, नक्की कळू दे, मग.

कार्ड मात्र ती स्कॅन करायला बाहेर नेऊ देत नाही. घराबाहेर काढायचं नाही म्हणते. शेवटचा आकडा मला अजून लागत नाही. सूचीत गावाच्या नावाने शोधलं तर आमच्या गावाशी जुळणारे दोघे आहेत, एकाच आडनावाचे. आकड्यानेच फरक कळेल.

निवृत्त सुभेदार

माझ्याकडे नकाशे वाचायचं भिंग आहे. त्या काळातल्या शिपायांची आकडे लिहायची पद्धत मला ओळखू येते, जुन्या रोल पुष्कळ पाहिल्या आहेत. ऐरोलीहून खारेगाव काही लांब नाही. कार्ड तिथेच राहू दे. रविवारी येऊ का?

चिंचेचं पान

मीही येते, चालणार असेल तर. शिक्क्यावरच्या तारखेचा फोटो तिरप्या उजेडात घेतला तर कधी कधी अक्षरं उठून दिसतात. टॉर्च घेऊन येते.

खारेगावकर

या दोघंही. चारनंतर या, दुपारी आत्या झोपते. बिल्डिंगचं नाव व्यक्तिगत निरोपात पाठवतो. तिसऱ्या मजल्यावर दारावर आजोबांच्या नावाची पाटी आहे, ती बघून बेल वाजवा.